दोनांतलं एक बंद

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याला तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून तो शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं मन लावून ऐकत होता.

"सिनेमे-सामने बघायला दोन-दोन ॲपचे पैसे कशाला भरायचे? एक बंद करू."

"करा की. तुमचं सामन्यांचं बंद करा."

"अगं, तेच तर स्वस्त आहे. तुझं दुप्पट महाग, आणि त्यात आहे काय? सगळ्या जुन्या मालिका."

"असू दे. मला लागतं ते."

"तुला? दहा मिनिटांत घोरायला लागतेस."

"तुम्ही तरी कुठला सिनेमा पुरा पाहिलात? तासभर शोधता आणि जेवायला उठता."

"विषय बदलू नकोस."

"लेक तिकडे परगावी ह्याच ॲपवर बघते, आपल्या दोघांच्या खात्यावरून. तिने काय लावलं होतं ते मी रोज उघडून बघते. काल विनोदी मालिका होती. म्हणजे बरी आहे."

"मग फोन करून विचार ना."

"फोनवर ती नेहमीच बरी असते."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"बोल गं. नाही, काही झालं नाही. बाबांची दाढ ठणकतेय, दवाखान्यात बसलोय. पण तुला कुणी सांगितलं?... हो का? बरं, बरं. करते नंतर."

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, परवापासून तुम्ही काहीच कसं लावलं नाहीत, बरे आहात ना."

आजोबांनी जरा वेळ दाढेवरून जीभ फिरवली.

"सामने काय, शेजारी जाऊनही बघता येतात."