हिराबाईची गाठ

माझ्या जुन्या व्हॅनला हसता ना तुमी? मग हे ऐका. परवा कंपनीचा फोन आला. "तुमच्या मॉडेलच्या मागच्या दारांची लॉकं खराब निघालीत, फुकट बदलून देतो, गाडी घेऊन या." मी गाडीचा तिसरा मालक, तरी शोधून काढलं मला!

वर्कशॉपात मेकॅनिक उजव्या दाराशी थांबला. "ही दोरी कसली?"

म्हटलं, "आमच्या धसईची हिराबाई रोज भाजी घेऊन माझ्या गाडीनं मुरबाडला येते. दार खुळखुळतंय म्हणाली आणि भाताचा भारा बांधतात तशी गाठ मारली. त्याला झालं वरीस."

त्याला काय ती गाठ सुटेना. शेवटी दोरी कापली, तर लॉक सरळ त्याच्या हातात आलं. तो म्हणाला, "हे कधीचंच तुटलंय. दार नुसत्या गाठीवर होतं."

त्याच दाराला टेकून माझी पोरगी रोज शाळेत जाते.

संध्याकाळी जाऊन हिराबाईच्या पायाच पडलो. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "येवढं काय रे त्यात? मी बांधलेला भारा वाटंत सुटलेला बघितलास कधी?"