आकारामतात्यांची खुर्ची

हॅलो?

हॅलो… हां नाना, बोल. कुठवर आलासा?

अजून तासगावच्या अलीकडं? आरं, पहिली घंटा झाली की रं हितं! … उसाच्या ट्रॉल्या? किती? … आन् पिकअप त्यांच्या मधी अडकलाय?

हळू बोल म्हणतोस? हळूच बोलतोय. ह्या हॉलमधी कुजबुजलं तरी माडीवर ऐकू जातंय, त्याला मी काय करू!

लालासाहेबांनी मान खाली घातली. कडेगावचे हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार सांगलीतल्या विद्यापीठाच्या जुन्या, संस्थानकाळच्या नाट्यगृहात दुपारी तीनपासून बसले होते. दुसऱ्या ओळीत, एकटे, गावाहून येणाऱ्या माणसांसाठी नऊ खुर्च्या धरून. जत्रेत तमाशाला जागा धरतात तशाच. एकीवर टॉवेल, एकीवर टोपी, एकीवर डबा, एकीवर छत्री… आणि बूट, दोन खुर्च्यांवर एकेक.

तात्या कुठं हायत? … पप्पूच्या मोटारसायकलवर? कवा बसवलंस? … अर्धा तास झाला, मग यायला पायजेत. स्वतः बसलं, का बळंच बसवलं?

… बळंच. वाटलंच मला.

थांब जरा. … न्हाई ताई, माणसं हायत ह्यांची. वाटंत हायत. … व्हय, बूट माझंच हायत.

… असं व्हय? तिसऱ्या घंटेला दार बंद? … बरं. बरं ताई.

नाना, ऐक. बिल्ला लावलेली पोरगी आलती. लय गोड बोलली, पण बोलली ते खरंच हाय. लोकं भिंतीला टेकून उभी हायत आन् मी बुटांला खुर्च्या दिल्यात. तुझी सोडतोय. … आरं, म्हातारी बाई हाय, काठी घेतलेली! … वैनीची पण सोडतोय. शिव्या घालू दे, आल्यावर ऐकून घीन.

बूट पायात गेले. टोपी डोक्यावर चढली. डबा मांडीवर आला. ओळख ना पाळख, पण बसणारा प्रत्येक जण हात जोडून बसत होता आणि लालासाहेबांना उगाच लग्नातल्या यजमानासारखं वाटू लागलं होतं.

हॅलो… हां, हाय हाय. आता एकच ऱ्हायली. टॉवेलाची. तात्यांची. ती न्हाई सोडायचो.

कशापायी म्हंजे? तू हुतास की तवा अंगणात! मी सुट्टीवर आलतो. तात्या माझ्या दीपमालाच्या हातात टिपरू देऊन हलगी शिकवत हुतं. मी काय म्हणलो? … बोल की. … व्हय. ‘उठा हितनं, पोरीच्या जातीला हलगी शोभत न्हाई.’ भरल्या अंगणातनं उठवलं मी त्यांना, नाना. टिपरू तेवढं पोरीपाशी ठेवून गेलं.

मी पलटणीत गेलो आन् पोरगी त्यांच्या दारात जाऊन शिकली. आज हितल्या कार्यक्रमात पहिली तिचीच हलगी हाय.

जाऊ दे म्हणतोस? दहा वर्सं जाऊच देतोय की.

आन् ऐक ना… ह्याच हॉलच्या दारात तात्यांनी किती बारी हलगी वाजवलीया. पाव्हणं यायचं, ह्यांनी वाजवायची. पाव्हणं आत, दार बंद, तात्या बाहीर. आत काय हाय, त्यांनी बघितलंच न्हाई कवा.

लालासाहेबांनी वर पाहिलं. सागवानी छत, लांब दांड्यांचे पंखे, माडीच्या कठड्यावरची कोरीव वेल. तीन तासांत त्यांचं या सगळ्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

दुसरी घंटा झाली.

हां, वाजली… हितं न्हाई मॅडम, माणूस येतोय. … कोण म्हंजे… गुरू हायत. माझ्या पोरीचं गुरू.

हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

… तुमी धरता? लय उपकार झालं मॅडम. दारात बघून आलोच.

नाना, पांढऱ्या केसांच्या मॅडम हायत. सवता उभ्या हायत, आन् खुर्चीवर पर्स ठिवली तात्यांसाठी! कोण कुठल्या… थांब, थांब. आलं रं! आलं!

दारात हायत. आत येईनात.

तात्या, आवं चला की. … धूळ असूं द्या, झटकू. … हितनं ऐकू येतंय, खरं हाय. पर उभ्यानं न्हाई ऐकायचं आज. … तात्या, मी चुकलो हुतो तवा. तुमाला उठवलं ते चुकलो. आता मीच बसवणार. धरा माझा हात.

नाना, फोन ठिवू नगंस.

लालासाहेबांनी फोन खिशात टाकला. दोन्ही हातांनी तात्यांना धरून त्यांनी ओळीतून नेलं. लोकांनी पाय आत घेतले. मॅडमनी पर्स उचलली, हातानंच खुर्ची झटकली आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

हॅलो… हायस का? … बसलं. बसलं रं नाना.

रडतोय कुठं?

… न्हाई, तुमी आता पोचत न्हाई. दार लावलं त्यांनी. सावकाश या. … तिसरी झाली. दिवं गेलं. पोरगी आली बघ… हिकडंच बघतीया. तात्यांना बघितलं तिनं!

बोलतोस त्यांच्याशी? थांब, देतो. तात्या, नाना बोलतोय, घ्या की… तात्या?

हॅलो, नाना… घेईनात. ओठावर बोट ठिवून मला गप बस म्हणत्यात.

… व्हय! मलाच!

… हां. ठिवतो.