मास्तरनं चढवलेली दोन वर्षं

...आणि वरून म्हणतात, आप्पा, चिडू नका! आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं जन्मभर आमच्या दापोऱ्यात केळीच पिकवली, त्याला घरच्यांनी एका सकाळी सांगायचं की आजपासून तुम्ही बागेत जायचं नाही, का, तर तुमचा वात सुरू झाला... तो चिडणार नाही तर काय आरती ओवाळणार? आमच्या शेजारचे गिरधरआप्पा त्या दिवशी ओट्यावर बसून असे थरथरत होते की मला वाटलं, वैद्य खरं बोलला की काय! पण ते रागानं थरथरत होते हो.

झालं काय, तुम्हाला सांगतो, आप्पांचे गुडघे वाजायचे. कुणाचे वाजत नाहीत? माझे तर उठताना वाजतात आणि बसताना पण वाजतात, मी गेलो का कुठं? पण आप्पांचा मुलगा ललित, पोरगा लाखात एक, फक्त जरा जास्तच काळजीचा, त्यानं आप्पांना बसवलं मोटरसायकलवर आणि नेलं बुऱ्हाणपूरला मोतीलाल वैद्यांकडे. वैद्यांनी नाडी धरली, डोळे मिटले... आणि इतका वेळ मिटले की आप्पांना वाटलं, हा झोपला! मग एकदम आवाज आला, "देखो गिरधरभाऊ, माणसाच्या जिंदगीचे तीन हिस्से. सोळापर्यंत कफ, म्हणून लेकरांची नाकं वाहतात. सोळा ते सत्तर पित्त, म्हणून माणूस कमावतो, भांडतो, आतल्या आत जळतो. आणि सत्तरी झाली की वात! अंग सुकतं, झोप उडते, मन एका जागी ठरत नाही, हातापायांतली स्पर्शाची समज हळूहळू कमी होते. तुमच्या हाताला जाणवतं ना बरोबर?"

"जाणवतं म्हणजे?" आप्पा उसळले. "ह्या अंगठ्यानं मी घड पारखतो, वैद्यबुवा! केळावर अंगठा फिरवला की सांगतो, कडेची धार किती राहिली; धार गेली तर माल भरला, नाहीतर कोवळा. व्यापारी लोक माझा अंगठा बघून गाडी लावतात!"

"उमर किती?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण ललितनं खिशातून आधार कार्ड काढलंसुद्धा. एक जुलै! हो, तीच ती एक जुलै, शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट लिहायचा ती. आमचं निम्मं गाव एक जुलैला जन्मलंय, त्या दिवशी सुईणीला जेवायला वेळ मिळाला नसेल! वैद्यांनी बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाले, "मागच्या जुलैतच सत्तर पूर्ण. लागला वात." लागला? असा लागतो? तीस जूनला नव्हता आणि एक जुलैला लागला? मास्तरच्या लेखणीनं माणूस म्हातारा होतो का हो?

पण वैद्यांनी सांगितलेलं पथ्य ललितनं असं पाळायला घेतलं की सरकारी हुकूम बरा. पहाटेचा वारा बंद, म्हणजे बाग बंद. रोज अंगाला तीळतेल, ते चोळायचं आणि तासभर गप बसायचं, म्हणजे आप्पा ओट्यावर चकाकत बसायचे आणि येणारा-जाणारा विचारायचा, काय आप्पा, आखाडा आहे का आज! सून ज्योत्स्ना हरभऱ्याची डाळ ताटात येऊ देईना, वाल तर घरातून हद्दपार. हेसुद्धा आप्पांनी सोसलं असतं. पण पंधरा दिवसांनी पंकज व्यापाऱ्याचा फोन आला, उद्या गाडी लावतो, कटाई करून टाकू, वादळाचे दिवस आहेत. आणि फोन कुणाला आला? ललितला!

आप्पा म्हणाले, "अजून आठ दिवस थांब. घड बाहेर पडल्यापासूनचे दिवस मी मोजलेत. माल कोवळा आहे."

ललित अगदी मऊ आवाजात बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा. त्याच आवाजानं आप्पांचं काळीज चिरलं हो. "आप्पा, टेन्शन नका घेऊ ना. वैद्य म्हणले ना, वातात मन ठरत नाही. तुम्ही आता डिसिजन नका घेऊ. मी बघून घेतो, बस."

घ्या! गुडघे दाखवायला गेले आणि बाग घालवून आले! आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं. डोळे पुसून ते उठले आणि थेट आत मायकडे गेले. रंभाबाई, आप्पांची आई, नव्वदीला टेकलेली, पण आवाज असा की वासरू दावं तोडून पळेल. आप्पांनी विचारलं, "माय, मी खरा कधी झालो?"

"आखाजीच्या आदल्या रोजी," माय म्हणाली, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या. "मांडे करायचे सोडून मी तुला जन्म देत बसली. औंदाच्या आखाजीले एकोणसत्तर झाले तुले."

"मग मास्तरनं माझं वय सत्तरच्या वर कसं नेलं?"

आता ऐका. तेव्हा शाळेत घालायचं तर दाखला कुठला? मास्तर म्हणायचा, डोक्यावरून हात घे, उलट्या बाजूचा कान धर. हात कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं! चार वर्षांच्या गिरधरचा हात काही पोचेना. मग? माय खो खो हसली. "घरात लई कुटाणे करे तू! मले वावरात निंदाले जायचं राहे. मास्तरनं तोंड फिरवलं अन् म्या मागून हात धरून ओढला. लागला कानाले!"

म्हणजे बघा! सत्तरी आईनं ओढून आणलेली, मास्तरनं लिहिलेली, सरकारनं छापलेली! आप्पांना इतका आनंद झाला की गुडघे न वाजता ओट्यावर आले. "ललित, मी एकोणसत्तरचा! वात नाही मला!" ललितनं शांतपणे विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे पित्त चालू आहे. मग तर बिलकुल नको आप्पा, पित्तात माणूस चिडून डिसिजन घेतो." आता या पोराला काय करायचं, सांगा! वात असला तरी घरी, पित्त असलं तरी घरी!

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा मला म्हणाले, "चल." मी म्हटलं, पहाटेचा वारा... त्यांनी असं बघितलं की मी चपला घातल्या.

बागेत पंकजची गाडी उभी, माणसं विळे घेऊन तयार. आम्हाला बघून ललितचा चेहरा उतरला. पण पंकज हुशार, म्हणाला, "आप्पा आले ना, मग झगडा कशाला? आप्पांचा अंगठा सांगेल तसं करू." आप्पा ऐटीत पुढं झाले, घडातल्या मधल्या केळावर अंगठा ठेवला, फिरवला... परत फिरवला. धोतराला पुसला, तिसऱ्यांदा फिरवला. मग डावा अंगठा लावला. मी शेजारीच होतो, मला आप्पांचा चेहरा दिसत होता. ते हळूच शेजारच्या खोडाकडे गेले. त्याला महिन्याभराचा घड, धारा अशा की लांबून डोळ्यांना दिसाव्यात. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना तोही गुळगुळीत लागला होता हो.

आप्पांनी काही क्षण घड नुसता धरून ठेवला. मग म्हणाले, "ललित, तू लाव अंगठा."

"मी?"

"दाबू नको. नुसता फिरव. रुपयाची कड बघतो तसा."

ललितनं फिरवला. एकदा, दोनदा. आणि मान खाली घालून म्हणाला, "आप्पा... धार आहे अजून. तुम्ही बरोबर होते. आठ दिवस थांबू."

गाडी रिकामी गेली. आप्पा जिंकले! मी टाळी द्यायला हात पुढं केला, पण त्यांनी हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवला होता. घरी जाताना मोटरसायकलवर ललितच्या मागं बसले, वारा लागू नये म्हणून कानाला उपरणंसुद्धा त्यांनी आपलं आपण बांधलं. घरी ओट्यावर टेकल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, आप्पा, ते आधारवरचं वय दुरुस्त करून घेऊ, दोन वर्षं म्हणजे काय थोडी झाली? मास्तरच्या लेखणीनं का माणूस म्हातारा होतो?

आप्पा म्हणाले, "राहू दे. मास्तर चुकला नव्हता रे... फक्त जरा आधी लिहून गेला."