अर्धविरामाच्या पुढं

—पिशवी मांडीवर कशाला धरलीया गुरुजी, ठिवा की टेबलावर. पोलिसांनी लॅपटॉप नेला, मोबाईल नेले, आन् हा राऊटर तेवढा भिंतीवर सोडला व्हय? कसे काय इसरले कुणास ठाऊक. द्या इकडं. ह्याच्या मागं बारीक भोक हाय, त्यात टाचणी दहा सेकंद दाबली की डबा कोरा, नव्यासारखा, मग घरी नेऊन — का वो? द्यायचा न्हाय? बरं. बरं, राहू द्या. चहा सांगू? तो बी नको.

तुमचा पोरगा रणधीर चार दिवस आत हाय, मला कळत न्हाय व्हय? इथंच जळकोटात एका बाकावर बसलो आमी, तुमच्याच वर्गात. तो असलं करणाराच न्हाय. परमुलखातल्या कुठल्या तरी शाळेला मेल — ‘शाळा उडवून देऊ’ — दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. दोन दहाला तर तो तुरीवर फवारत हुता, शेजारच्या बांधावरनं चार जणांनी बघितला. पण गुरुजी, तिकडं बांध दिसत न्हाय, कागद दिसतो. आन् कागदावर कनेक्शन तुमच्या घरचं.

कागद कुणी दिला म्हंजे? आता — म्याच दिला. पोलिसांचा फोन आला, अमुक टायमाला इंटरनेटचा हा नंबर कुणाच्या कनेक्शनला हुता? गावात इंटरनेट देतो मी, मग मलाच इचारणार की. म्या बघितलं, सांगितलं. त्यात खोटं काय हाय? नंबर तुमच्याच घरचा हुता. मग त्यांनी इचारलं, बाहेरचं कुणी घुसू शकतं का? म्या लिहून दिलं, ‘उपकरणात दोष नाही.’ सही केली, शिक्का मारला.

असं बघू नका गुरुजी.

न्हाय, घुसू शकतं. शकतं म्हंजे — कसं सांगू? ह्या डब्याच्या पोटात एक पान असतंय, आमी लोकं दुरुस्तीला वापरतो. त्यात एक चौकोन. तिथं पत्ता टाकायचा, डबा त्या पत्त्याला हाक मारून बघतो, ओ येतीया का. बास, तेवढंच काम. पण पत्त्याच्या पुढं अर्धविराम टाकला — तुमी शिकवलेला, टिंब आन् खाली शेपूट, तोच — आन् त्याच्या पुढं काय बी हुकूम लिहिला, तर डबा म्हणत न्हाय की हा पत्ता न्हाय बाबा. गुमान हुकूम पाळतो. ‘माझी मेल तुझ्या नावानं पाठव’ म्हणलं तर पाठवतो. घरात कुणाला पत्ता बी लागत न्हाय. पासवर्ड बी इचारत न्हाय मेला, कंपनीनं बनवलाच तसा.

मला कसं ठाऊक? महादेवीनं दाखवलं. माझ्याकडं कामाला हुती, उमरग्याची, डिप्लोमा झालेली. ह्याच टेबलावर. “सर, हिकडं बघा,” म्हणली, अर्धविराम टाकला, पुढं बंद पडायचा हुकूम लिहिला — डब्याचे सगळे दिवे गेले. “सर, आपल्या दोनशे घरात हाच डबा हाय. कंपनीनं नवं सॉफ्टवेअर दिलंय, ते टाकू. आन् तुमी दुकानात बसून दुरुस्ती करता यावी म्हणून ते पान बाहेरनं उघडं ठिवलंय, ते आजच बंद करा. जगातलं कुणी बी आत येईल.” दुकानात चार गिऱ्हाइकं हुती गुरुजी. म्या म्हणलं, “धंदा मी करतोय का तू? तू मला शिकवू नको.” हसली गिऱ्हाइकं. ती न्हाय हसली. आठ दिवसांत काम सोडलं तिनं. जाताना तेच सगळं मोबाईलवर लिहून पाठवलं, मागल्या चैतात. हाय अजून. पुसलं न्हाय म्या. का पुसलं न्हाय, ते मला बी कळंना.

लोकांना म्हणायचो, नवं सॉफ्टवेअर टाकताना लाईट गेली तर डबा कायमचा मरतो, आन् आपल्याकडची लाईट तुमाला ठाऊकच हाय. पण खरं कारण ते न्हाय. तिचं ऐकलं असं दिसलं असतं, म्हणून न्हाय टाकलं. एवढंच. आता घरोघर लोकं इचारतील, शांतलिंगअप्पा, आमच्या घरात बी कोण शिरलं हुतं का? काय सांगू?

काय म्हणलात? टाचणी — व्हय. टाचणी दाबली असती तर सगळं गेलं असतं. कारण ज्यानं घुसून हुकूम दिला, तो हुकूम त्यानं डब्यात घड्याळाची वेळ लावायच्या रकान्यात लपवून ठिवलाय. प्लग काढला तरी जात न्हाय. परवा इथं बसून बघितला म्या. अर्धविरामासकट. व्हय, परवाच. रणधीर आत हुता तवा. बघितला, आन् घरी जाऊन जेवलो.

मारा की दोन. शाळेत छडी तरी मारायचा.

थांबा, उठू नका. कोरा कागद हाय का — ह्यो हाय. लिहितो. ‘मी दिलेला अहवाल चुकीचा आहे. दोष मला आधीपासून माहीत होता.’ तारीख. सही. खाली महादेवीचा नंबर, ती सांगंल कुठं काय बघायचं ते, माझ्यापेक्षा नीट सांगंल. धाराशिवला सायबर शाखेतल्या साहेबाच्याच हातात द्या, आन् वकिलाला बी दाखवा. डब्याला कुणाला टाचणी लावू देऊ नका.

मी येत न्हाय. उद्या येतो म्हणलो तर घरी गेल्यावर मन फिरंल माझं, मी ओळखतो मला. पाया पडू द्या — बरं, नको. नको तर नको.

एस्टी आली बघा फाट्यावर. जावा गुरुजी. मी कागद परत मागायच्या आत जावा.