बारा जणांत एकच चपलांचा जोड

नाही हो काका, तुमच्यामुळे नाही दचकले, मी अशीच — दार वाजलं तरी दचकते, आई म्हणते चिमणीचं काळीज घेऊन जन्मलीस. बसा ना. हो, हा पडदा माझ्याच प्रोग्रॅमवर चालतो, आतल्या बाराही खाटांचे ठोके इथे दिसतात, काही बिघडलं तर इथूनच घंटा वाजते, म्हणून तर सिस्टर निवांत औषधं लावत बसल्यात. काकू नऊ नंबरला ना? काय म्हणालात — वाचेल ना? वाचेल की, दर सेकंदाला वाच— अगं बाई! तुम्ही काकूंचं विचारताय होय! माफ करा हं, आमच्यात यंत्राकडून आकडा घेण्याला वाचणं म्हणतात, दिवसभर तोच शब्द तोंडात. काकू होतील हो बऱ्या.

आत कसं चालतं? सांगते, बोलत राहिलं की मलाही बरं वाटतं. एकेका खाटेमागे एक थ्रेड, म्हणजे तेवढंच काम बघणारा एक धागा. पण गंमत अशी, खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमला हे बारा दिसतच नाहीत, तिला एकच दिसतो. घरात माणसं बारा आणि चपलांचा जोड एकच, असं समजा — ज्याच्या पायात चपला तो बाहेर. मग एखादा गेला आणि शेजाऱ्याच्या दारात, म्हणजे खाटेजवळच्या यंत्रापाशी, उत्तराची वाट बघत बसला, तर बाकीचे अकरा? बसले घरात! म्हणून मधे आमची थ्रेडची लायब्ररी असते, म्हणजे धाग्यांच्या पाळ्या लावणारा तयार कोड, खमक्या आत्यासारखी. ती बजावते — नुसतं विचार, उत्तर तयार नसेल तर तसाच परत ये, चपला दुसऱ्याला दे, मी तुला पुन्हा पाठवते. पण तिला विचारूनच निघायचं. कुणी तिला चुकवून थेट सिस्टिमकडे गेला आणि समोरचं यंत्र गप्प बसलं, की सगळं घर झोपलं.

छे, तसं होत नाही. म्हणजे — होऊ नये. आज सकाळी काकूंना तो औषधाचा नवा पंप लावला ना, त्याचा कोड बाहेरच्या एकाने लिहिलाय. मी विचारलं त्याला, लायब्ररीतूनच वाचता ना? तर हसला — "मॅडम, वाचणं ते वाचणं, कुठूनही वाचा." मी काय बोलणार, लावू दिला पंप.

पडदा काळा होतो का तेव्हा? नाही, तीच तर भीती. शेवटचे आकडे तसेच राहतात, शहाण्यासारखे. वरचं घड्याळही चालू राहतं, तो वेगळा प्रोग्रॅम. घंटा? घंटा त्याच घरातली, काका.

काय? स्थिर आहे म्हणता? बहात्तर? — आल्यापासून बहात्तरच? मघाशी चहाला जायच्या आधी बघितलंत, तेव्हाही? अहो, माणूस नुसता खोकला तरी ठोका हलतो... आणि शेजारचा? त्याच्या खालचा? — एकही हलत नाहीये.

व्हा, बाजूला व्हा. सिस्टर! अहो सिस्टर, पडदा नका बघू — आत जा, माणसं बघा!