गेटचा नंबर

वळ गावातल्या गोदामात आमचे सुपरवायझर नसीमभाई छाती धरून खाली बसले, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन मीच लावला होता.

"पत्ता सांगा," पलीकडून बाई म्हणाल्या.

"वळ, निळ्या पत्र्याचं गोदाम."

"दादा, तिथं सगळीच निळी आहेत. गेट नंबर?"

आमच्या गेटवर नंबर नव्हताच. वॉचमन धर्माकाकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाय, तू गाडी धाड. मी मेन रोडवर उभा हाय."

आणि काका पळत सुटले. त्यांनीच गाडी आत आणली. नसीमभाई वाचले.

पुढच्या ग्रामसभेत नसीमभाईंनी प्रत्येक गेटवर नंबर मागितला.

सरपंच म्हणाले, "निधी आल्यावर बघू."

"बघा आरामात," नसीमभाई म्हणाले. "तोवर कुणाच्या छातीत दुखलं, तर त्याला काय थांब म्हणून सांगू?"

सरपंचांनी त्याच दुपारी रंगारी बोलावला.