गिअर टाकला का मागून धक्का

माहा जन्म पातूरचा. आमी माळी, बापाचा वांग्याचा अन् सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा होता, अन् अकोल्याच्या बाजाराले आमची बंडी जाये. थे बंडी हाकता हाकताच मी मोठा झालो, पण मले बैलाची आवड कधी नव्हती, काय सांगू तुमाले, रस्त्यानं एखादी मोटार गेली का मी बंडी बाजूले घेऊन थिचा आवाज दूर जाईपर्यंत आयकत राहो. बाप म्हणे, याचं ध्यान मळ्यात नाई. नव्हतंच. मंग अकोल्याले एका मोटारवाल्याकडे गाड्या धुवाले लागलो, धुता धुता खोलाले शिकलो, अन् खोलता खोलता चालवाले.

थिथंच रहीमभाई भेटला. थो बाळापूरचा, माह्याहून मोठा, बोलणं कमी अन् हात साफ. आमी दोघायनं मिळून एक जुनी मोटार घेतली, मागं लाकडाचे बाकं टाकले, अन् बाळापूर, अकोला, पातूर अशी सवाऱ्यायची गाडी सुरू केली. एक दिवस थो चालवे, एक दिवस मी. त्याची बायको, हमीदाभाभी, मले देवर म्हणे. माह्या लग्नात रहीमभाईनं सगळ्या पाव्हण्यायले मोटारीनं आणलं होतं, आमच्या गावात थ्या वक्ती मोटारीत बसून लग्नाले येणं म्हणजे, बाप्पा, लोकं नवरदेवाले सोडून मोटारच पाहात होते.

तर थे जाऊ द्या. एका साली काय झालं, का मोटारीले एक खोड लागली. गिअर बदलला, क्लच सोडला, का कुठंतरी खट्ट होये अन् गाडी ढिल्ली वाटे, म्हणजे इंजिन एकीकडे अन् चाकं दुसरीकडे, मधात कोणी दोर ढिल्ला सोडला असं. रहीमभाई म्हणे गिअरबॉक्स असंल. खोलला. दात चांगले, काईच नाई. मंग गिअरबॉक्सातून मागच्या चाकायले जाणाऱ्या शाफ्टाचे सांधे बदलले, हातानं शाफ्ट फिरवून पाह्यला, ढिल नाई. बॉनेट उघडून मी उभा राह्यलो अन् त्याले म्हटलं गिअरमधी घालून थोडी ओढ, इंजिन जागेवर हालते का पाहू. नाई हाललं. अन् धक्का तर रोजचाच.

आता दोघायचा धंदा, दोघं चालवणारे, मंग दुसरं काय होणार. थो म्हणे, महादेव, तू क्लच झटकेसे छोडता है. मी म्हटलं, तूनं गिअरबॉक्स खोलला तवापासून जास्त झालं. भरस्टँडवर बोललो, लोकायनं आयकलं. थ्या दिवसापासून थो मोटार माह्या हातात देताना चावी बॉनेटवर ठेवून द्याले लागला, हातात देईना.

अन् त्याच्या पोरीचं, जैनबचं, लग्न जवळ आलेलं. पोरगा पातूरचा घाट चढून वर एका गावचा, निकाह थिथंच होणार होता, अन् पोरीले अन् घरच्या बायायले आमच्याच मोटारीनं न्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, धक्का सापडला नाई, घाटात नको नेऊ. त्याले वाटलं, हा जळून बोलून राह्यला. म्हणे, मैं चलाऊंगा, तुम मत आना.

लग्नाच्या आदल्या दिवशी माही पाळी होती. आमच्या गावची मथुरामावशी, फुलवाली, झेंडूचे टोपले घेऊन अकोल्याले जाये, अन् टोपल्यायमुळे नेहमी शेवटच्या बाकावर, मागच्या चाकावरच बसे. थ्या दिवशी उतरताना म्हणे, अरे महादेव, हे चाक असं कावून सरकते? मी म्हटलं, कोणतं चाक? म्हणे, माह्याखालचं, तू तो दांडा ओढला का पुढे जाते अन् सोडला का मांगं येते, माहे टोपले हालते. मी एवढे दिवस समोर बसून पायाखाली शोधून राह्यलो होतो, अन् थे बाई मागून सांगून राह्यली.

सवाऱ्या उतरवल्या अन् गाडीखाली गेलो. बंडीले जसा आस राह्यते तसा मोटारीले मागं एक्सल, थो कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यायले लोखंडी आकड्यायनं कसून बांधलेला राह्यते. मी गेरूनं एक्सलपासून पाट्यावर एक सरळ रेघ ओढली, गाडी काढली, गिअर टाकत, सोडत, थोडी दूर नेली, अन् पुन्हा खाली वाकलो. रेघ तुटली होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मधात बोटाएवढं अंतर, म्हणजे एक्सलच पाट्यावर सरकून राह्यला होता.

तशीच गाडी हळूहळू बाळापूरले नेली. रहीमभाईच्या दारात मांडव, थो धुतलेला सदरा घालून पाव्हण्यायसंगं बसलेला. मले पाहून तोंड फिरवलं. मी म्हटलं, माह्याकडे नको पाहू, खाली पाह्य. थो तसाच सदऱ्यासकट खाली गेला. लय वेळ बाहेर आलाच नाई. आकडे ढिल्ले, अन् पाट्यायमधला बोल्ट मोडून दोन तुकडे झालेला. घाटात उतारावर ब्रेक दाबला असता तर चाक तिरपं होऊन गाडी कुठं गेली असती, हे त्याले सांगाची गरज नव्हती. बाहेर आला, सदरा काळा झालेला, अन् म्हणे, महादेव, इसमें जैनब बैठनेवाली थी.  मंग मांडीवर हात पुसत बसून राह्यला.

बोल्ट लोहाराकडून घडवून येईपर्यंत लग्न थोडी थांबते. दुसऱ्या दिवशी बैलायच्या दमण्या जुपल्या, पहिली दमणी मी हाकली, मी, बैलाचा कंटाळा असणारा माणूस. उशीर झाला, नवरदेवाकडचे चिडले, त्याचा एक चुलता तर नंतरही कितीक दिवस म्हणे का मोटारीचं सांगून बैलावर आले. रहीमभाईनं कोणाले खुलासा दिला नाई. निकाह झाला. जेवाले बसताना त्यानं मले बाजूले बसवलं, अन् परत येताना दमणीत माह्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

त्याच्यानंतर आमी कितीक साल मोटार चालवली. आता रहीमभाई नाई. मागच्या उन्हाळ्यात गेला, तापानं. ह्या जर्मनीच्या लढाईमुळे पेट्रोल भेटत नाई, लोकं कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवून राह्यले, माह्यानं थे होत नाई. आमची मोटार त्याच्याच आंगणात उभी हाये, ताडपत्री टाकून. भाभी म्हणते, देवर, इकून टाका. मी म्हणतो, पाहू. जातो, ताडपत्री काढतो, पुसतो, पुन्हा टाकतो. दिवस जाते. तुमाले देव सुखी ठेवो, बाप्पा, एवढं बसून आयकलं तुमी.